डिझेलच्या टाकीला कुलूप

हिंदुरावांचं नाव निघालं तरी माझं डोकं अजून तापतं. भोसरीत माझं गॅरेज आहे, त्यामुळे किरकिरे मालक रोजचेच. पण भीमराजसारख्या माणसावर चोरीचा आळ घ्यायला कमालीचा निर्लज्जपणा लागतो.

भीमराज संत तुकाराम नगरचा. त्याचे वडील कंपनीत कामगार होते आणि सुटताना गेटवर रोज झडतीला जेवणाचा डबा उघडून दाखवायचे. लहानपणी ते बघून त्याने ठरवलं होतं, काहीही करीन पण गेटच्या आतली नोकरी नको. म्हणून तो ड्रायव्हर झाला. हिंदुरावांच्या पिकअपमधून चाकणला रबरी पार्ट पोचवायचा. गाडी मालकाची, पण जपायचा स्वतःची असल्यासारखी. डॅशबोर्डवर त्याने एक छोटी बुद्धमूर्ती चिकटवली होती आणि तिच्यासमोर कुणी तंबाखू मळली तर त्याला खाली उतरवायचा.

एकदा चाकणला कंपनीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांमधून कुणीतरी डिझेल ओढून नेलं. भीमराज तेव्हा आत माल उतरवण्याची चिठ्ठी घ्यायला गेला होता. हिंदुरावांनी चोर शोधला नाही. टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या करगोट्याला बांधली. तेव्हापासून डिझेल भरायलाही स्वतःच पंपावर जायचे.

त्यानंतर गाडी वाटेत बंद पडायला लागली. तासभर नीट चालायची, मग आचके देऊन थांबायची आणि काही केल्या सुरू व्हायची नाही. भीमराजचा फोन गेला की हिंदुराव बुलेटवरून यायचे, कुलूप उघडायचे, काठी बुडवून डिझेल मोजायचे. मग गाडी दोन-चार सेल्फमध्ये सुरू! मालक आला की गाडी चालते, मालक नसला की बंद पडते, याचा अर्थ त्यांनी लावला तो असा, की ड्रायव्हर डिझेल विकतो, रॉकेल मिसळतो आणि वर नाटकं करतो. हे त्यांनी चहाच्या टपरीवर चारचौघांत सांगितलं.

भीमराजने मला बोलावलं. म्हणाला, "गणराज, गाडी बरी झाली नाही तरी चालेल. पण दोष कुठे आहे, ते त्यांच्यासमोर दाखव."

गाडी मोशीच्या पुढे उभी होती. बॅटरी चांगली होती, सेल्फ जोरात फिरत होता, फिल्टर मी नुकताच बदलला होता. डिझेल ओढायचा फिल्टरवरचा हातपंप दाबला तर तो खाली बसला तो वर येईना. फिल्टरकडे येणारा पाइप सोडला, तर थेंब नाही. टाकी मात्र अर्धी भरलेली. तेवढ्यात हिंदुराव पोचले आणि सवयीने आधी कुलूप उघडलं. झाकण ढिलं होताच टाकीने सुस्सकन हवा आत ओढली.

मी झाकण हिसकावून घेतलं. डिझेल जसं संपतं तशी टाकीत हवा जावी म्हणून झाकणाला बारीक छिद्र असतं. ते एमसीलने गच्च बुजवलेलं होतं. हवा आत जायची नाही, म्हणून डिझेल बाहेर यायचं नाही. मी विचारलं, हे कुणी केलं?

"म्याच केलं," हिंदुराव म्हणाले. "तेवढ्यातनं बी नळी घालत्यात लोक."

पाइप बसवला, हातपंप मारला, गाडी सुरू झाली. भीमराज स्टीअरिंगमागे बसून त्यांच्याकडे बघत होता. मला वाटलं, आता तरी हा माणूस शरमेने मान खाली घालेल.

"भोक मोकळं कर," हिंदुराव मला म्हणाले. "कुलूप ऱ्हाऊ दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी झाकण त्यांच्या पायाशी टाकलं. भीमराजने डॅशबोर्डवरची मूर्ती सोडवली, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि चालू गाडीतून उतरून माझ्या मोटरसायकलवर येऊन बसला. माल कोण पोचवणार म्हणून हिंदुराव मागून ओरडत राहिले.

आता तो चाकणच्या एका कंपनीत लागलाय. सुटताना गेटवर डबा उघडून दाखवतो. हे कळलं तेव्हा मी चिडून त्याला नको ते बोललो.

"तिथे सगळ्यांचाच डबा बघतात, राव," तो म्हणाला. "एकट्या माझा नाही."