आणि उरलेला कधी?

वर्तमानपत्र हातात आलं की सारंग आधी खिशातली पेन्सिल काढत. इस्रायल आणि अरबांच्या वाटाघाटींची बातमी असली तर ती शेवटच्या ओळीपासून वाचायला घेत. ‘उर्वरित मुद्द्यांवर नंतर चर्चा होईल’ असं कुठेतरी सापडायचंच. त्याखाली रेघ मारून पान माझ्याकडे सरकवत.

“मास्तरानू, आणि उरलेला कधी?”

गावचं वाचनालय मी निवृत्तीनंतर सांभाळतो. पेपरावर रेघा मारू नका, असं त्यांना कितीदा तरी सांगितलं. “माका कसले बोलतात? थंय नकाशार रेघा मारतत, त्यांका बोला,” असं त्यांचं उत्तर.

ते बोटीवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. गावही त्यांना सारंगच म्हणे. इस्रायलचं हैफा आणि इजिप्तचं पोर्ट सैद, दोन्ही बंदरं त्यांनी पाहिलेली. दोन्हीकडचे व्यापारी चहा पाजत आणि एकच वाक्य ऐकवत: आम्ही तयार आहोत, तेच तयार नाहीत. “दोगांची चाय पण सारकीच गोड,” सारंग सांगत.

माझा तडजोडीवर विश्वास. एकदा मी त्यांना इजिप्तचा दाखला दिला. इतक्या लढाया झाल्या, पण सिनाई परत मिळालं आणि तह टिकला.

“टिकलो. कित्या? जमीन परत देतलव, ह्या कागदार पयला लिवल्यानी.” मग पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, “पॅलेस्टिनवाल्यांचा मात्र तेव्हाय मागीरच. फुडे ऑस्लोच्या करारात काय केल्यानी? जेरुसलेम मागीर, निर्वासित मागीर, हद्द मागीर. सोपा तेवढा आधी.” त्यांचं ‘मागीर’ म्हणजे आपलं ‘नंतर’.

हा संशय त्यांनी पेपरातून घेतला नव्हता. वडील गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली, तेव्हा सारंगांची रजा संपत आली होती. घरं ठरली, मधला कुंपणाचा दगडी गडगा ठरला. विहीर गडग्यापलीकडे, धाकट्याच्या बाजूला आली. तिचं नंतर बघू, असं पंच म्हणाले. सारंग सही करून बोटीवर गेले. परत आले तेव्हा त्यांची बायको सार्वजनिक नळावर हंडा घेऊन उभी होती. ती गेली, आता सून उभी राहते.

या वर्षी धाकट्याने निरोप पाठवला: तुम्हाला गडग्यातून जाण्यायेण्यापुरती वाट देतो, विहिरीचं पुढे ठरवू. कागद मीच सुवाच्य अक्षरात लिहिला आणि घेऊन गेलो.

“हेच्यात बाव खंय?” त्यांनी विचारलं.

“विहिरीचं नंतर म्हणतो तो. आधी वाट तरी पदरात घ्या.”

त्यांनी पेन्सिल काढली आणि माझ्याच अक्षराखाली रेघ मारली.

मी चिडलो. म्हटलं, “सगळं एकदम मागाल तर काहीच मिळणार नाही.”

“मेळूचा नाय, तां खरा,” ते शांतपणे म्हणाले. “पण मेळाला, असा तरी वाटूचा नाय.”

पंधरा दिवसांनी सारंग गेले. त्यांच्या शेवटच्या अंघोळीसाठी पाणी हवं होतं. नळाला तेव्हा पाणी नव्हतं. धाकटा उठला, गडग्याचे दगड एकेक करून काढले आणि विहिरीवर भरलेली कळशी त्या खिंडारातून घेऊन आला. भावाच्या अंगावर पाणी त्यानेच घातलं. कोणीतरी म्हणालं, “मिटला एकदाचा.” मलाही रडू आलं.

त्याला तीन महिने झाले. सून त्या खिंडारातून पाणी नेते, तिला कोणी अडवत नाही. विहिरीच्या कागदाचं मी धाकट्याला दोनदा विचारलं. “आता कागद कित्याक, मास्तरानू? बघूया मागीर,” तो दोन्ही वेळा म्हणाला. हसून म्हणाला.

सारंगांची पेन्सिल सुनेने मला दिली. ती खिशात ठेवून मी रोज त्यांच्या घरावरून वाचनालयात जातो. खिंडार अजून उघडं आहे. काढलेले दगड मात्र धाकट्याने लांब टाकलेले नाहीत. गडग्याला लागूनच, हाताला येतील असे, नीट रचून ठेवले आहेत.