कुंकू भरलेला बोल्ट

माझ्या फटफटीचा दिवा मंद जळतो म्हणून पोरानं वर्षभर माझं डोकं खाल्लं. त्याची आई गेल्यापासूनच दिव्याचं हे दुखणं सुरू झालं. पोराचं एकच, "अप्पा, जुनी वायरिंग फेका, नवा पांढरा दिवा बसवू." मी नाही म्हणतो. का नाही, ते लिहून ठेवतो. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा जसं येईल तसं लिहिणार. कुणाला बोचलं तर बोचू द्या.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी जळकोटच्या बाजूला हापसे दुरुस्त करायचो. दुष्काळ होता. हापसा कोरडा वाजायला लागला की गावातून निरोप यायचा, अन् मी पाने-वायसर बांधून निघायचो. फटफटी तेव्हाच जुनी होती. सहा व्होल्टची बॅटरी, पिवळा दिवा. रेस दिली की उजेड, सोडली की अंधार. बॅटरीची एक तार दिव्याकडं जाते, दुसरी सीटखाली एका बोल्टानं गाडीच्या लोखंडाला आवळलेली असते. त्याला आम्ही अर्थिंग म्हणतो. तिथं गंज नाहीतर रंग आला की दिवा मेलाच. एकदा बायकोला कौतुकानं म्हणलो, "गाडीचा सगळा जीव ह्या बोल्टात हाय."

तिनं ते धरून ठेवलं. खंडेनवमीला हत्यारांसंगं गाडीची पूजा असते. त्या साली झेंडूचं फूल डोळ्यांना दिसलं नाही. तिनं काय करावं? सीट उचलली, माझाच पाना घेऊन बोल्ट ढिला केला, अन् कुंकू तेलात कालवून तारेच्या खाली भरलं. वर परत आवळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुखेडहून येताना दिवस मावळला अन् दिवा गप. एका बैलगाडीच्या मागं मागं घर गाठलं.

"काय केलंस गं?"

"पूजा केली."

"तेलानं करंट अडतो!"

"मग काढा की. पुढल्या साली मी परत लावणार."

"वरून लाव ना मग!"

"जीव आत अन् कुंकू वर, त्याचा काय उपेग?"

तेव्हापासून दर खंडेनवमीला तिनं भरायचं अन् मी काचपेपरनं घासायचं. दोघंही हटलो नाही. शेवटच्या खंडेनवमीला तिच्या हातात पाना पेलेना, म्हणून बोल्ट मी ढिला करून दिला. कुंकू तिनंच भरलं. मी घासायच्या आत तिला नांदेडला दवाखान्यात न्यावं लागलं. ती परत आली नाही. कुंकू तसंच राहिलं.

हे पोराला मी सांगितलं नव्हतं. परवा त्यानं मला गाडीसकट उदगीरला मिस्त्रीकडं नेलं. मिस्त्रीनं सीट उचलली, बोल्ट खोलला. "काका, ह्ये बघा, अर्थिंगला मळ. आत्ता घासून देतो."

मी त्याचं मनगट धरलं. "हात लावायचा न्हाई."

"अवो, मळ हाय."

"मळ तुझ्या डोक्यात हाय."

पोरगं भडकलं. "अप्पा, एक तर ह्ये साफ करू द्या, न्हाई तर चावी माझ्याकडं द्या. आंधळ्या गाडीवर मी तुमाला हिंडू देणार न्हाई."

तेव्हा सांगितलं. मिस्त्री हात पुसत बाजूला झाला. पोरानं वाकून बोल्टातलं कुंकू बघितलं. मग म्हणालं, "पर तुमी अंधारात हिंडलेलं आईला चाललं असतं का?"

नसतंच चाललं. तिनं माझी सालटी काढली असती.

"आंधळ्या गाडीवर हिंडणार न्हाई," म्हणलो, "अन् ह्यो बोल्ट घासणार बी न्हाई." तो होता तसा आवळला. मिस्त्रीकडून हातभर तार घेतली. एक टोक बॅटरीला, दुसरं इंजिनच्या बोल्टाला. तो मात्र चकचकीत घासला. अंधार व्हावा म्हणून दुकानाचं शटर खाली ओढलं अन् किक मारली. समोरची भिंत पिवळी झाली.

मिस्त्री म्हणाला, "काका, एका गाडीला दोन अर्थिंग कोण ठेवतं?"

"मी ठेवतो."

पोरानं चावी मागितली नाही. शटर वर करत म्हणालं, "अंधार पडायच्या आत घरी या."

"पडल्यावरच येतो," म्हणलो अन् गाडी रस्त्यावर घातली.