वाळवीने खाल्लेला उजवा रकाना

बाळकुमातली वाळवी माझ्याआधी मॅट्रिक झाली, हे मी शपथेवर सांगतो. इंग्रजीच्या गाइडात डाव्या रकान्यात शब्द आणि उजव्या रकान्यात त्यांचे विरुद्धार्थी होते. वाळवीने डावा रकाना नुसता हुंगला आणि उजवा मुळापासून फस्त केला. ठाण्याच्या दुकानात गाइडं संपलेली, आणि परीक्षा तीन आठवड्यांवर.

माझी ही चौथी खेप. कोलशेतला नवा कारखाना उभा राहत होता, त्यांना टाइमकीपर हवा होता, तोही मॅट्रिक पास. तिथला साहेब जूनपर्यंत थांबायला तयार झालेला. पास झालो तर खुर्ची, नाहीतर जन्मभर बापाबरोबर मिठागरात दांताळं ओढायचं. तेव्हाच माझ्या टाचांना मिठाने अशा भेगा पाडलेल्या की एकीत माझी पेन्सिल हरवली ती अजून सापडलेली नाही.

ठाकुर्लीला मामाकडे डिक्शनरी होती. मामा पॉवरहाऊसात फिटर. त्याला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, पण ती ट्रंकेत आहे एवढ्यावर अख्खी चाळ त्याच्याकडे भांडणं सोडवायला यायची. ती तो घराबाहेर नेऊ देईना. म्हणून रविवारी तिथेच ट्रंकेपाशी बसून एकेक शब्द काढला, आणि संध्याकाळी माझ्या ध्यानात आलं. डिक्शनरी अर्थ सांगते, उलट सांगत नाही. ते आपलं आपण शोधायचं.

मग मी अर्थ घेऊन बापामागे लागलो. मीठ ओढता ओढता विचारायचो, भरभराटीच्या उलट काय? बाप म्हणायचा, पाऊस. मित्राच्या उलट? पाऊस. नापीकच्या उलट सुपीक हे मला येत होतं, पण बाप म्हणाला, नापीक तीच चांगली जमीन, मिठाच्या वाफ्यात गवत उगवलं की आपण मेलो. त्यानंतर दोन दिवस मला चांगलं कुठलं नि वाईट कुठलं हेच ठरवता येईना. माझी घोकंपट्टी ऐकून बगळेसुद्धा खाडी ओलांडून कळव्याला राहायला गेले.

शेवटी मी 'होप' विचारला. म्हटलं, होप म्हणजे आशा.

"आशा म्हंजे काय रं?"

"मिठाची रास लागलीय, आभाळ कोरडं आहे, व्यापारी उद्या येणार आहे, तेव्हा तुझ्या पोटात जे होतं ते."

"मंग उलट पाऊसच."

परीक्षेत पाच शब्द आले. चार कसेबसे लिहिले. पाचवा, होप. त्याची उलट बाजू मी चार वर्षं अंगावर घालून हिंडत होतो, पण तिचं इंग्रजी नाव वाळवीच्या पोटात. घंटा व्हायला आली. मी 'रेन' लिहिलं आणि पेपर दिला.

घरी येऊन बापाला सांगितलं. तो म्हणाला, बरोबर लिवलंस. पैकीच्या पैकी देणारा मला जन्मात तेवढाच एक परीक्षक भेटला.

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत नापास. त्या खुर्चीत डोंबिवलीचा कोणीतरी बसला. बातमी घेऊन मी मिठागरात गेलो, तेव्हा बाप राशीवर झावळ्या घालत होता. त्याने ऐकून घेतलं, एका झावळीचं टोक माझ्या हातात दिलं आणि खाडीपलीकडच्या काळ्या आभाळाकडे पाहिलं.

"आवर," तो म्हणाला, "तुझं उत्तर येतंय."