तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात

हे किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत. ते साचत गेले, आणि त्याला कारण आमचं काम. जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून सीडी करायची तर ती कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू द्यावी लागते. तीन तासांचं लग्न असेल तर तीन तास. त्यात घाई चालत नाही. मधेच लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि टेप अडकली तर मशीन ताबडतोब बंद करायला कुणीतरी समोर बसलेलं लागतं. चिखलीच्या आमच्या दुकानात ते बसणं माझ्याकडे होतं. त्यामुळे मी लोकांची लग्नं, बारशी, निरोप समारंभ सगळे पूर्ण पाहिलेत, पंगतींसकट.

दुकान युसूफभाईंचं. मोठा कॅमेरा खांद्यावर घेऊन गावोगाव शूटिंगला जाणारे आमच्याकडचे ते सगळ्यात जुने. माझ्या मावशीच्या लग्नाचं शूटिंग त्यांनीच केलेलं. त्या ओळखीवर वडिलांनी बारावीनंतर मला त्यांच्याकडे पाठवलं. म्हणाले, घरी बसण्यापेक्षा काहीतरी शिक, मंदा.

*

पहिल्या दिवशी भाईंनी मला दुकानामागच्या कडुलिंबासमोर कॅमेरा देऊन उभं केलं आणि दहा मिनिटं शूटिंग करायला सांगितलं. मला वाटलं, झाडाचं काय घ्यायचं, ते तर हलतही नाही. म्हणून मी झूम केलं, खाली आणलं, वर नेलं, उजवीकडून डावीकडे फिरवलं. टीव्हीवर लावलं तर दोन मिनिटांत मलाच गरगरायला लागलं.

भाई रागावले नाहीत. त्यांनी तोच कॅमेरा स्टँडवर लावला, बटण दाबलं आणि चहा प्यायला निघून गेले. मग त्यांचं शूटिंग टीव्हीवर लागलं. पानं एकेका फांदीची वेगवेगळी हलत होती. एक खार खाली आली, अर्ध्यात थांबली, माघारी गेली. खोडावरून मुंगळ्यांची रांग चढत होती आणि ऊन हळूहळू सरकत त्या रांगेवर आलं. हे सगळं मी समोर उभी असतानाही चाललेलंच असणार. मला त्यातलं काही दिसलं नव्हतं.

भाई एवढंच म्हणाले, "कॅमेरा गच्च धर. हालायचं काम समोरच्याचं हाये."

बटण दाबल्यावर मनात दहा आकडे मोजायचे आणि बंद करण्याआधी पुन्हा दहा, हेही त्याच दिवशी शिकले. आजही कुणी मोबाइलवर शूटिंग कसं करावं विचारलं की मी हेच सांगते. फार कमी लोक ऐकतात.

*

कॅमेऱ्याला पांढरं काय ते आधी दाखवावं लागतं. नाहीतर लाल मांडवाखाली सगळे चेहरे लाल येतात आणि ट्यूबलाइटखाली हिरवट. उजेड बदलला की पुन्हा दाखवायचं. धाड गावातल्या एका लग्नात भाई मांडवभर पांढरं कापड शोधत फिरत होते. पांढरे सदरे पुष्कळ होते, पण सगळे नीळ दिलेले. आपल्याला ते पांढरेशुभ्र वाटतात. कॅमेरा मात्र त्या निळसर झाकेला पांढरं समजतो आणि मग नवरी पिवळी पडते.

शेवटी पाण्याच्या टाकीजवळ, मांडवाच्या बाहेर, एक म्हातारे बसलेले सापडले. नवरीचे आजोबा, किसनआबा. आपलं धोतर ते स्वतः धुवायचे आणि नीळ कधीच द्यायचे नाहीत. भाईंनी त्यांना नमस्कार केला, कॅमेरा धोतरावर लावला आणि रंग ठीक करून घेतला.

दिवसभरात असं चार-पाच वेळा झालं. उन्हात, मांडवात, जेवणाच्या ठिकाणी, संध्याकाळी लाइट लागल्यावर. दर वेळी भाई आबांना शोधत यायचे. दुसऱ्या वेळेस लोकांनी आबांना खुर्ची दिली. तिसऱ्या वेळेस खुर्ची मांडवात आली. संध्याकाळपर्यंत आबा स्टेजच्या पायरीपाशी बसलेले होते आणि पाहुणे वाकून त्यांच्या पाया पडत होते.

सीडी न्यायला आबा स्वतः एसटीनं चिखलीला आले. दुकानात बसलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, "मशीन आधी मले इचारते. मंग लग्न पायते."

*

कॅसेटला बुरशी लागते. काळ्या टेपवर पांढरी पूड दिसली की ती मशीनमध्ये घालायचीच नाही. मशीनही खराब होतं आणि पुढच्या माणसाची कॅसेटही. आमच्या दुकानातलं लोखंडी कपाट डांबराच्या गोळ्यांनी भरलेलं असायचं, तरी पावसाळ्यानंतर दोन-चार कॅसेट जायच्याच.

एकदा खेड्यावरून एक आजी आल्या. पिशवीतून त्यांनी तुरीच्या डाळीचा डबा काढला, डब्यातून फडकं, फडक्यातून कॅसेट. अठरा-वीस वर्षांपूर्वीची. मी मनातल्या मनात ती गेलीच धरून उघडली. आत एक डाग नाही. चित्र असं आलं की जणू काल काढलंय. कडुलिंबाची वाळलेली पानं आणि डाळ, यांत ती इतकी वर्षं पडून होती.

भाईंनी आजींना पाण्याचा ग्लास स्वतः आणून दिला आणि ही युक्ती कुणी सांगितली ते विचारलं. आजींना प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, "ज्याले कीड लागू द्यायची नसते ते अजून कुठं ठेवतेत?"

त्या आठवड्यात आमचं लोखंडी कपाट रिकामं झालं आणि दुकानात पत्र्याचे डबे आले. पानं मात्र पूर्ण वाळलेली हवीत. ओली घातली तर उलटंच होतं.

*

कॅसेटच्या पाठीला एक छोटं प्लॅस्टिक असतं. ते तोडून टाकलं की त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. हे आम्ही प्रत्येकाला सांगायचो. एसटीतल्या एका कंडक्टरांनी ते ऐकलं नव्हतं. लग्नाच्या कॅसेटवर त्यांनी क्रिकेटची मॅच घेतली. पंधरा वर्षांनी बायकोनं लग्न पाहायचंय म्हटल्यावर दोघं दुकानात आले. कंडक्टर खाली मान घालून, ताई सरळ बसून.

मी सांगितलं की मॅचच्या खालचं परत येत नाही. पण मॅच जिथं संपते तिथून पुढचं असेल तर मिळेल. मग आम्ही तिघांनी मॅच पाहिली. ती संपली, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि लग्नाची शेवटची चाळीस सेकंदं उरलेली निघाली.

त्यात नवरदेव वाकून चोरीला गेलेला जोडा शोधत होता. आणि मागं उभी असलेली नवरी, आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं समजून, त्याच्याकडे पाहत होती. इतक्या मायेनं की मीच नजर खाली केली. कंडक्टरांनी हे कधी पाहिलेलंच नव्हतं. ते जोडा शोधत होते ना.

कंडक्टरांनी मान वर केली. मग म्हणाले, एवढंच तेवढं सीडीवर घ्या, मॅच कापून टाका.

"कापू नका," ताई म्हणाल्या. "पाहू द्या त्यायले मॅच. शेवटी मीच हाये."

*

बीटी कपाशी नवीन आली तेव्हा बियाण्याच्या एका कंपनीला शेतकऱ्यांना दाखवायला फिल्म हवी होती. दुसरबीडकडच्या एका शेतात शूटिंग होतं. बीटीची बोंडं कशी स्वच्छ आणि साध्या कपाशीवर अळी कशी, असं दाखवायचं होतं. अळी शेजारच्या शेतातून आणली. ते शेत कासाबाईंचं, म्हणून त्याही पाहायला आल्या.

मी कॅमेऱ्यापुढं जवळचं दाखवणारी काच लावली आणि वायर जीपमधल्या छोट्या टीव्हीला जोडली. अळी पडद्यावर हाताएवढी झाली. अंगावरचे केस, पायांच्या जोड्या, पान कुरतडणारं तोंड. कासाबाई उकिडव्या बसल्या आणि पाहतच राहिल्या. कंपनीचा माणूस त्यांना बोलायला सांगत होता, पीक कसं खराब झालं ते. त्यांचं लक्ष नव्हतं.

"इतकी वर्षं हिले चिरडली," त्या म्हणाल्या. "तोंड आज पायलं."

पुढं कासाबाईंनीही बीटी लावलं. सगळ्यांनीच लावलं. काही वर्षं बरी गेली. मग एके दिवशी त्या दुकानाच्या दारात उभ्या. हातात रुमालात बांधलेली बोंडं. बाहेरून हिरवीगार. एक फोडलं तर आत गुलाबी अळी. तालुक्याचे शेतकी साहेब नुकसानीच्या पाहणीला आले होते, बांधावरूनच कपाशी हिरवी दिसते म्हणाले आणि गेले. बोंड फोडून पाहायला शेतात उतरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी गेले. आता कॅमेरा हातात मावेल एवढा डिजिटल होता. मी ठरवलं, यात एकही तुकडा जोडायचा नाही. तुकडे जोडले की लोक म्हणतात, बोंड दुसरीकडचं आहे. बियाण्याची रिकामी पिशवी, शेताच्या हद्दीचा दगड, तिथून चालत पिकात, झाड, झाडावरचं बोंड, तोडलेलं बोंड, फोडलेलं बोंड. सूर्य पाठीशी, गुडघे किंचित वाकवून, पाय न उचलता सरकत. कासाबाई पुढं, मी मागं. बोंड त्यांनी नाही निवडायचं, मी बोट दाखवेन ते फोडायचं, असंही ठरवलं.

पहिल्यात अळी. दुसऱ्यात अळी. मी मुद्दाम दुसऱ्या ओळीत गेले, मग शेताच्या मधोमध. कासाबाई बोंड फोडायच्या, कॅमेऱ्यासमोर धरायच्या, खाली ठेवायच्या. नवव्या बोंडातही अळी. मग मी मनात दहा आकडे मोजले आणि बंद केलं.

तालुक्याच्या ऑफिसात साहेबांनी ते कॅमेऱ्याच्याच छोट्या पडद्यावर उभ्यानं पाहिलं. मधे त्यांचा फोन वाजला, त्यांनी घेतला नाही. संपल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं आणि या वेळी ते खाली बसले. दोन दिवसांनी पंचनामे सुरू झाले, ते कासाबाईंच्या शेतापासून.

नंतर त्या दुकानात आल्या तेव्हा त्यांना फक्त एक पाहायचं होतं. मी फोडलेल्या बोंडावर चित्र थांबवलं आणि मोठं केलं. त्या पडद्याजवळ गेल्या.

"रंग बदलला हिनं," त्या म्हणाल्या. "तोंड तेच हाये."

*

शैलाताई पुण्याहून आल्या होत्या. वय साठीच्या पुढं. त्यांचे वडील पूर्वी चिखलीत डॉक्टर होते आणि त्यांना फिल्मच्या छोट्या कॅमेऱ्याचा नाद होता. घर आवरताना गंजलेल्या गोल डब्यात एक रीळ सापडलं. डबा उघडला तर आंबट वास आला. म्हणजे फिल्म खराब व्हायला लागलेली. भाई म्हणाले, ही आता फार वेळा चालायची नाही, हिची आधी डिजिटल कॉपी काढून घेऊ.

भाईंकडे जुना प्रोजेक्टर होता. भिंतीवर फिल्म पाडली की भिंतीचे खड्डे दिसतात, म्हणून आम्ही जाड पांढरा ड्रॉइंग पेपर लावला, खिडक्यांना काळी कापडं बांधली आणि प्रोजेक्टरच्या शेजारी स्टँडवर डिजिटल कॅमेरा ठेवला. चित्र लुकलुकत होतं, ते कॅमेऱ्याच्या शटरनं जुळवून घेतलं. फिल्म मुकी होती. त्यात आवाज नव्हताच.

अंगण दिसलं. दोरीवर धुणं. एक तरुण बाई, कडेवर लहान मुलगी. ती मुलगी म्हणजे शैलाताई. त्या अडीच वर्षांच्या असताना आई गेली होती. आईचा आवाज कसा होता ते त्यांना आठवत नव्हतं, आणि सांगू शकेल असं कुणी राहिलं नव्हतं. कागदावरची आई मुलीला पुढं करत होती, कॅमेऱ्याकडे पाहून काहीतरी बोलत होती, हसून पदर तोंडाशी नेत होती आणि वळून घरात जात होती. तिथं रीळ संपत होतं.

आमची कॉपी निघाली आणि ती आम्ही कॉम्प्युटरवर लावली. तेवढ्यात भाईंची धाकटी बहीण रेहाना जेवणाचा डबा घेऊन आली. नऊ वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. बोलायला ती तोवर शिकलेली होती, म्हणून बोलते, पण एका सुरात. समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून समजून घेते. डबा हातातच धरून ती कॉपी पाहत उभी राहिली.

"हळू करा," ती म्हणाली. "इतक्या घाईनं कोणी बोलत नाही."

भाईंनी कॉम्प्युटरवर वेग कमी केला. तिनं मान हलवली, अजून. आणखी कमी केला. "बस," ती म्हणाली. अंगणातली बाई एकदम खऱ्या माणसासारखी चालायला लागली. इतका वेळ आम्ही वेग चुकीचा ठेवलाय हे मला किंवा भाईंना कळलं नव्हतं. आणि रेहाना नेमकं काय पाहतेय तेही आमच्या लक्षात तेव्हाच आलं.

शैलाताईंच्याही आलं. त्या उठून रेहानाच्या समोर आल्या, तिला आपले ओठ दिसतील अशा उभ्या राहिल्या आणि विचारलं की आई काय म्हणतेय ते तिला समजतंय का. भाईंनी त्यांना आधीच सांगून ठेवलं, ती गोड करून सांगणार नाही, दिसेल तेच सांगेल. शैलाताई म्हणाल्या, तेच हवंय.

रेहानानं डबा खाली ठेवला. तिनं ते तीनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी तिचे स्वतःचे ओठ बाईच्या ओठांबरोबर हलत होते. मग ती शैलाताईंकडे वळली आणि तिच्या त्या एका सुरात म्हणाली, "म्हणते, मले काय घेता? तिले घ्या, पोरगी उद्या मोठी होईल. मी कुठं चालली?"