पणजोबांच्या हातातला लोटा

मित्रांनो, चहाचा कप उचलला की माझे हात थरथरतात. बायकोला संशय, मी लपून दारू पितो. आज तिनंच मला फुलचूरहून गोंदियाला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी हात मांडीवर ठेवायला लावले. थरथर नाही. मग काठोकाठ भरलेला ग्लास धरायला दिला. पाणी सांडलं.

"एक कंप हात स्वस्थ असताना येतो, एक काही धरलं की. तुमचा दुसरा. घराण्यात कोणाला होता?"

मी पणजोबांचं सांगितलं. इंग्रजांच्या काळात गावात बैल चोरीला गेला, तेव्हा पंचांनी काही जणांच्या हाती असाच भरलेला लोटा दिला होता; ज्याचं पाणी सांडेल तो चोर. पणजोबांचं सांडलं, म्हणून ते चोर ठरले.

परतताना बायको म्हणाली, "मंग बैल कोनं नेला जी?"

गावातले बरेच जण इथे आहात. त्या दिवशी लोटा कोणाकोणाच्या हाती दिलाच नव्हता, घरी विचारून सांगता का?