फ्लॉइडाय नमः

भेंडी अर्धी पुसून झाली होती, अर्धी पंच्यावर ओलीच होती आणि मालिनीचे खांदे भरून आले होते. दोन वर्षांत अमेरिकेतलं हे तिसरं गाव: पिस्कॅटवे, अर्विंग, आता क्युपर्टिनो. नवऱ्याचं, रवींद्रचं, प्रोजेक्ट हलायचं तसं हिचं बिऱ्हाड. खोकी भरायची, देव टॉवेलात गुंडाळून पर्समध्ये घ्यायचे, नव्या ओट्यावर पुन्हा मांडायचे. देव बिचारे कुठेही रुळले. दहा वर्षांच्या इशितानं मात्र या तिसऱ्या शाळेत तोंडच उघडलं नव्हतं. बुधवारीही बोलली नाही तर एक इयत्ता खाली बसवू, असं बाईंनी सांगितलं होतं.

बोलायचं काय, तर दोनशे वर्षांपूर्वी चालत, होड्या वल्हवत अमेरिका ओलांडून पश्चिमेच्या समुद्राकडे निघालेल्या तुकडीतल्या तेहतीस जणांची नावं.

"ऑर्डवे, प्रायर... आई, आय कान्ट!"

"अगं, तेहतीसच तर आहेत. मी रोज विष्णूची हजार म्हणते."

"दॅट्स चीटिंग! तुझे हजार सगळे एकच आहेत!"

मालिनीला हसू फुटलं. यादीतलं पुढचं नाव वाचताना शिणलेली जीभ सवयीच्या वळणानं गेली. "फ्लॉइडाय नमः. शॅननाय नमः."

इशिता खदखदून हसली. कित्येक दिवसांनी. मग एका भेंडीला एक नाव अशी नामावळीच सुरू झाली. यॉर्कपाशी मालिनी थांबली.

"याचं आडनाव?"

"नाहीये. ही वॉज अ स्लेव्ह."

"चालत तर तोही गेला ना? म्हण, यॉर्काय नमः."

बुधवारी वर्गाच्या मागच्या भिंतीशी मालिनी मनात रामरक्षा म्हणत उभी राहिली. इशिता पुढे जाऊन उभी राहिली. मग एका दमात सुटली, पण तिसऱ्या नावापासून शेपूट लागलं, "फ्लॉइडाय नमः!" पोरं फिदीफिदी हसली. मालिनीला धरणी दुभंगावी असं झालं. माझंच चुकलं, काय शिकवून बसले मी! इशिता लालबुंद झाली, पण थांबली नाही. तेहतीसच्या तेहतीस म्हणाली.

"व्हॉट इज नमः?" बाईंनी विचारलं.

"इट्स लाइक सर," इशिता म्हणाली. "बट फॉर एव्हरीबडी."

दारात बाईंनी सांगितलं, मुलगी याच वर्गात राहील. फक्त महिनाभर रोज सकाळी साडेसातला बोलण्याच्या सरावाला आणा. मालिनी "थँक यू, थँक यू" म्हणत राहिली आणि तिथल्याच बुटक्या बाकावर टेकली. गाडी रवींद्र नेतो, म्हणजे दीड मैल पायीच. उद्या गुरुवार. साडेसातला इशिताला शाळेत पोचवायचं.