खवणीवरची आठ हजार पावलं

कबूल करते. साठी उलटल्यावर काही महिने मी रोज आठ हजार पावलं चालत होते, आणि ती जवळजवळ सगळी खवणीवर बसून.

आता सत्तरीत आल्यावर त्या तेव्हाच्या बाईची आठवण झाली की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. किती स्वतःला शहाणी समजायची!

तेव्हा आम्ही डोंबिवलीचं तळमजल्यावरचं घर सोडून ठाण्यात कोलशेतला चौदाव्या मजल्यावर राहायला आलो होतो. डोंबिवलीत कोथिंबीर आणायला गेलं तरी तासभर सहज जायचा, वाटेत चार ओळखीच्या भेटायच्या. इथं कोथिंबीरच लिफ्टने वर यायची. मी खाली उतरायचे ती फक्त लग्नकार्याला आणि डॉक्टरांकडे. टेंभी नाक्याजवळच्या आमच्या डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, "साखर वाढायला लागलीय, गुडघे कुरकुरतायत आणि ऊन तर तुम्ही पाहिलेलंच दिसत नाही. रोज सकाळी तासभर बाहेर पडायचं. उघड्यावर."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

खरं सांगायचं तर सकाळी फिरायला जाणाऱ्यांना मी जन्मभर हसत आले होते. "कामं नाहीत मेल्यांना," हे माझं ठरलेलं वाक्य. आता त्याच रांगेत साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून मी चालायचं? शिवाय खाडीचा वास. शिवाय उन्हाने रंग उतरेल. चौसष्टाव्या वर्षी मला रंगाची काळजी होती! कोण बघायला येणार होतं, देव जाणे.

सून माझी कारणं ऐकून घेत नाही. तिने पावलं मोजणारं घड्याळ आणलं आणि आपल्या मोबाइलला जोडून टाकलं. "आई, मी ऑफिसात असले तरी मला सगळं दिसणार हं!"

दोन दिवस इमारतीला कशीबशी फेरी मारली. मग आले गणपती. मोदकांसाठी खवणीवर बसले होते. दुसरा नारळ संपत आला आणि मनगटावर घड्याळ थरथरलं. बघते तर त्यावर इवलीशी आतषबाजी! म्हणे, आज छान चाललात. मी तर पाटावरून उठलेही नव्हते. हात पुढेमागे होतो, ते त्या बिचाऱ्याला चालणं वाटलं.

दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. मी नारळवाल्याला फोन केला.

मग रोज सकाळी घर रिकामं झालं की मी खवणीवर. पण खवलेला नारळ टाकायचा कुठे? कोकणातलं माहेर, नारळ फुकट घालवणं रक्तात नाही. वड्या केल्या, नारळीभात केला, करंज्या केल्या. मुलगा-सून दिवसभर बाहेर, दुपारी घरात मी आणि वड्यांचा डबा. संध्याकाळी सून आल्या आल्या म्हणायची, "आई, आजपण आठ हजार? माझी पाचसुद्धा होत नाहीत हो."

"जमतं गं हळूहळू," मी म्हणायचे आणि तिच्या हातावर वडी ठेवायचे.

तीन महिन्यांनी पुन्हा रिपोर्ट. सुनेने अभिमानाने मोबाइल डॉक्टरीणबाईंसमोर धरला. त्यांनी एकदा पावलं बघितली, एकदा साखर बघितली. "इतकं चालूनही वाढतेच आहे? मग गोळ्यांवर भागणार नाही. इन्शुलिन सुरू करावं लागेल."

सुई म्हटली की मी भिंतीकडे तोंड करणारी. पण त्याहून वाईट म्हणजे सुनेचा चेहरा. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "त्यांना चालायला लावलं, पण खाण्याकडे लक्षच दिलं नाही मी." डोळे भरून आले होते तिचे.

आता मात्र माझ्याने गप्प बसवेना. "अहो, ती पावलं नारळाची आहेत," मी म्हटलं.

"म्हणजे?"

मी हवेत खवून दाखवलं. टेबलावर सुनेच्या मोबाइलमध्ये पावलं भराभर वाढू लागली. डॉक्टरीणबाईंना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "तीन महिने देते," त्या म्हणाल्या. "पायांनी चाला. नाहीतर सुई आहेच."

सून हसली नाही. घरी आल्यावर माझ्या मनगटावरचं घड्याळ काढून तिने कपाटात ठेवलं आणि खवणी ओट्याखाली पार मागे सरकवली. ते रिकामं मनगट सुईपेक्षा जास्त टोचलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच खाली उतरले. खाडीच्या रस्त्याला एक आजी भेटली, तिथल्या जुन्या गावातली. तिचा बाप मिठागरात राबलेला, आता त्यांच्या जमिनीवर टॉवर उभे. तरी ही रोज सकाळी पाणी बघायला जायची. माझ्या बुटांकडे बघून म्हणाली, "काय गो बाय, खाडीवर बूट? काढ ते, मातीत पाय टाक जरा." टाकले. गार चिखल बोटांतून वर आला आणि मी लहान पोरीसारखी किंचाळले. पहिल्या दिवशी विजेच्या तिसऱ्या खांबापासूनच परत फिरले. महिन्याभरात पाण्याकाठच्या तिवरांच्या झाडीपर्यंत पोचले. बगळे ओळखू यायला लागले, झोप लागायला लागली, आणि त्या खाडीच्या वासाचं म्हणाल तर एखाद्या दिवशी गेले नाही की चुकल्यासारखं व्हायचं.

तीन महिन्यांनी साखर उतरली. फार नाही, पण सुई टळण्यापुरती. सुनेने रिपोर्ट दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. घरी येऊन कपाटातून घड्याळ काढलं आणि स्वतः माझ्या मनगटावर बांधलं.

मला भरून आलं. म्हटलं, "थांब, तुझ्यासाठी सोलकढी करते. बिनसाखरेची." आणि वाकून ओट्याखालची खवणी ओढली.

तिने माझा हात धरला.

"आई, आधी घड्याळ काढा, मग खवणीवर बसा."